निर्देशांक तीन

संपादकांनी मजकडे सोपविलेले काम वरकरणी सरळ होते. उपग्रहांच्या कक्षांचे आणि त्यांच्याशी चालणाऱ्या दळणवळणाचे गणित करणारी जी सॉफ्टवेअरे आज जगभर वापरली जातात, त्यांपैकी एखाद्याचा परिचय वाचकांस करून द्यावा, आणि तो बंगळूर-अहमदाबादच्या वाटेला न जाता आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर राहूनच करून द्यावा, एवढीच त्यांची अट होती. ही अट घालताना त्यांच्या मनात मच्छीमार नौकांवर बसविलेले उपग्रह-संच असावेत, हे मी ताडले होते, आणि तो विषय पुढे येईलही. परंतु एका कोष्टकातील एका लहानशा रकान्याने मला असे अडवून धरले की लेखाचा बराचसा भाग त्या रकान्यामागेच जावा लागला.

सॉफ्टवेअर मला दाखविले ते अलिबागजवळच्या एका कोळीवाड्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने. त्या सॉफ्टवेअरचे नाव जीमॅट; अमेरिकेच्या नासा संस्थेच्या गोडार्ड केंद्रात ते सिद्ध झाले असून ते कोणासही विनामूल्य उतरवून घेता येते. उपग्रह एका क्षणी कोठे आहे आणि कोणत्या दिशेने किती वेगाने चालला आहे, एवढे त्यास सांगितले की त्यावर काम करणाऱ्या साऱ्या बलांची बेरीज करीत, काही सेकंदांचे पाऊल टाकीत टाकीत, ते त्याचा पुढचा मार्ग आखत जाते. पृथ्वी ही निर्दोष गोल नसून विषुववृत्तावर तिची त्रिज्या ध्रुवांपेक्षा सुमारे २१ किलोमीटरांनी अधिक आहे, याची त्यास जाणीव आहे. चंद्राची व सूर्याची ओढ, एवढेच काय पण सूर्यप्रकाशाचा उपग्रहाच्या अंगावर पडणारा अतिसूक्ष्म दाबसुद्धा त्याच्या हिशेबात धरलेला असतो. भूमितीची ही एवढी काटेकोर तजवीज पाहून मनुष्य प्रथम दिपून जातो.

दळणवळणाचा हिशेब त्या मानाने सोपा, आणि तो मांडून दाखविण्यास त्या मुलाने आपल्या वडिलांच्या बोटीचेच उदाहरण घेतले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते ज्या योजनेचा प्रारंभ झाला आणि जिच्याखाली तेरा सागरी राज्यांतील व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख नौकांवर संदेशवहनाचे संच बसवावयाचे ठरले, त्या योजनेतील संचांचा संदेश जीसॅट-६ या उपग्रहामार्फत किनाऱ्यावर येतो. ऑगस्ट २०१५ मध्ये सोडलेला हा उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर स्थिर असतो. अलिबागच्या समुद्रातून पाहिले तर तो आग्नेयेच्याही थोडा दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर आणि सुमारे ३६,३०० किलोमीटर दूर. एवढे अंतर तोडताना संदेशाची शक्ती १९२ डेसिबेलांनी घटते, म्हणजे एकावर एकोणीस शून्ये दिली तरी पुरेसा भागाकार होत नाही. ही तूट भरून काढण्यास उपग्रहावर सहा मीटर व्यासाचा, अवकाशात उलगडणारा अँटेना आहे. जमेस इतके, खर्ची इतके, शिल्लक इतकी, असा हा सरळ जमाखर्च, आणि तो जुळतो. संदेशास वर पोचावयास एक अष्टमांश सेकंदाहूनही किंचित कमी वेळ लागतो. यात अडखळण्याजोगे काही नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर लिहिण्याजोगेही फारसे नव्हते.

अडखळलो ते खालच्या कक्षांपाशी. चारशे किलोमीटर उंचीवर, जेथे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक फिरते, तेथे हवा संपलेली नसते. ती इतकी विरळ असते की एका घन किलोमीटरात तिचे वजन काही ग्रॅमच भरावे. परंतु सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक वेगाने जाणाऱ्या वस्तूस तेवढीही पुरते, आणि ते स्थानक दररोज पन्नास-शंभर मीटर खाली येत राहते. या रोधाचा परिणाम मोठा विपरीत असतो. हवेने अडविलेला उपग्रह मागे पडत नाही, तो पुढे जातो. कारण अडविला गेल्याने तो खाली येतो, खालची कक्षा लहान असते आणि तीत वेगही अधिक असतो. चारशे किलोमीटरांवरील उपग्रह अपेक्षेपेक्षा अवघा शंभर मीटर खाली आला, तर दर प्रदक्षिणेस तो सुमारे एक किलोमीटर पुढे निघतो आणि दिवसाच्या साडेपंधरा प्रदक्षिणांत ही चूक पंधरा किलोमीटरांच्या घरात जाते. आकाशाकडे कान लावून बसलेल्या हौशी रेडिओवाल्यास दोन सेकंदांच्या या फरकाचे काही वाटणार नाही. परंतु दोन उपग्रहांची टक्कर होणार की नाही, हे सांगणाऱ्यास पंधरा किलोमीटर म्हणजे काहीच न सांगण्यासारखे.

मग ही हवा किती दाट आहे, हे सॉफ्टवेअरला कसे कळते? मुलाने एक चौकट उघडून दाखविली. तीत तीनच आकडे होते. सूर्याच्या रेडिओ-उत्सर्जनाचे दोन, प्रत्येकी १५०, आणि त्यांच्या खाली चुंबकीय निर्देशांक: ३. हे आकडे सॉफ्टवेअर बनविणाऱ्यांनीच घालून ठेवलेले असतात. वापरणाऱ्याने अवकाश-हवामानाची नोंद असलेली फाइल जोडून दिली नाही, तर गणित त्यांच्यावरच चालते.

"काका, हा आकडा बदलावा लागतो, हे मला पहिले सहा महिने ठाऊकच नव्हते," मुलगा म्हणाला.

चंद्र-सूर्याच्या ओढीचा दशांशाच्या कितव्या तरी घरापर्यंत हिशेब ठेवणारे हे यंत्र हवेच्या बाबतीत मात्र कोणीतरी लिहून ठेवलेल्या तिनावर विसंबून असावे, याचे मला नवल वाटले, आणि थोडी काळजीही वाटली. पुढे कळले की ही अडचण जीमॅटपुरती नाही. जगभर उपग्रहांच्या कक्षा ज्या दोन ओळींच्या आकड्यांत वाटल्या जातात, त्यांतील पहिल्या ओळीत बी-स्टार नावाचे एक पद असते. कागदोपत्री ते हवेच्या रोधाचे. प्रत्यक्षात जमाखर्च जुळत नसला की जुना कारकून जी रक्कम 'किरकोळ' या सदराखाली टाकून मोकळा होई, तशी गणिताची जी जी तूट अन्यत्र बसत नाही ती या पदात येऊन पडते. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब कोसळले, तेव्हा आपल्या गावोगावी लोक आकाशाकडे पाहात होते, हे पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. ते आधी वर्तविलेल्या काळापेक्षा लवकर खाली आले. सूर्य अपेक्षेपेक्षा अधिक खवळला, वरची हवा तापून फुगली, आणि तज्ज्ञांचा हिशेब त्या फुगवट्यात बुडाला.

चुंबकीय निर्देशांकाचा हवेशी संबंध काय, असे कोणी विचारील. सूर्याकडून सुटलेला विद्युत्भारित कणांचा लोट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला की ध्रुवांच्या बाजूस प्रचंड विद्युत्प्रवाह वाहू लागतात, त्यांच्या उष्णतेने वरचे वातावरण प्रसरण पावते आणि काही तासांत हा फुगवटा साऱ्या पृथ्वीवर पसरतो. त्या उंचीवरची हवा थेट मोजण्याची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. जमिनीवरची चुंबकसुई मात्र शेकडो ठिकाणी हलताना दिसते. म्हणून जर्मन शास्त्रज्ञ युलियस बार्टेल्स यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात, तीन-तीन तासांच्या टप्प्यात सुई किती अस्वस्थ होती, यावरून शून्य ते नऊ अशी एक श्रेणी ठरविली, आणि पुढे जगातील तेरा वेधशाळांच्या नोंदींतून तिची सरासरी काढण्याचा शिरस्ता पडला. जीमॅटमधला ३ हा या श्रेणीवरचा आकडा, म्हणजे साधारण शांत दिवस. १० मे २०२४ च्या रात्री हाच निर्देशांक ९ वर गेला होता, आणि लडाखच्या आकाशात लाल प्रकाश दिसला तो त्याच रात्री.

अलिबागलाही एक चुंबकीय वेधशाळा आहे, पण त्या तेरांत ती नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर आपल्या गावाच्या अभिमानापायी मी वाचकांची दिशाभूल करीत आहे असे व्हावयाचे. त्या साऱ्या मध्यम व त्याहून वरच्या अक्षांशांवरच्या आहेत. परंतु चुंबकीय वादळाचे दुसरे एक माप असते, ते ध्रुवांपासून दूर असलेल्या सुयाच सांगू शकतात. वादळाच्या वेळी पृथ्वीभोवती, हजारो किलोमीटर उंचीवर, कंकणासारखा एक प्रवाह पश्चिमेकडे वाहू लागतो आणि त्याच्या योगाने जमिनीवरील क्षेत्राची आडवी शक्ती घटते. ही घट स्वच्छ दिसावयास जागा विषुववृत्तापासून फार दूर नको आणि अगदी जवळही नको, कारण चुंबकीय विषुववृत्ताच्या माथ्यावर दिवसा वाहणारा दुसरा एक प्रवाह सारे चित्र बिघडवून टाकतो. अलिबागचे स्थान या दोहोंच्या मध्ये, मोठे सोयीचे आहे. हवेच्या घनतेची जी नवी प्रतिमाने अलीकडे निघाली, त्यांपैकी २००८ सालचे एक वादळाच्या काळात बार्टेल्सच्या श्रेणीऐवजी कंकणप्रवाहाचेच माप वापरते. त्याच्या चार अधिकृत ठाण्यांतही अलिबाग नसले, तरी ज्या जातीच्या नोंदीवर ते उभे आहे ती जात या किनाऱ्यास पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ परिचयाची आहे.

म्हणून मी वेधशाळेकडे वळलो. तिचा अधिकृत इतिहास भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या पत्रकांत सविस्तर आहे, आणि त्या संस्थेचे मुख्यालयही आता याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे. मी तो ओझरता पाहिला. १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईच्या कुलाब्यास वेधशाळा बांधली, १८४१ पासून तेथे चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. १८५९ च्या सप्टेंबरात, इतिहासातील सर्वात मोठे म्हणून गणले जाणारे सौर वादळ आले, त्या वेळी कुलाब्याचे निरीक्षक दुर्बिणीतून मोजपट्टीवर नजर ठेवून आकडे लिहीत होते. एरवी तासातासाने घ्यावयाची नोंद त्यांनी त्या दिवशी पंधरा मिनिटांवर आणि त्याहूनही खाली आणली. तो कागद दप्तरात राहिला. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी यांच्यासमवेत गुरुबक्ष लखिना आणि शोभना अॅलेक्स यांनी तो बाहेर काढून प्रसिद्ध केला, तेव्हा त्या दिवशी आडवी शक्ती सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आल्याचे जगास कळले. २०२४ च्या वादळातील जागतिक माप ४०० च्या आसपास होते. उद्या तसे वादळ पुन्हा आले तर उपग्रहांचे काय होईल, हे गणित ज्यांना मांडावयाचे असते त्यांना त्या अनाम निरीक्षकांच्या हस्ताक्षरापाशी यावे लागते.

पुढे मुंबईच्या ट्रामगाड्या घोड्यांवरून विजेवर नेण्याचे ठरले आणि कुलाब्याच्या सुयांवर संकट आले. त्या वेळचे संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी, मुंबईपासून सुमारे तीस किलोमीटरांवर, अलिबागच्या किनाऱ्यावर जागा निवडली; १९०४ मध्ये वेधशाळा उभी राहिली, आणि मग त्यांनी जे केले त्यास माझ्या मते तोड नाही. १९०६ पर्यंत त्यांनी दोन्ही ठिकाणची निरीक्षणे बरोबरीने चालू ठेवली, जेणेकरून कुलाब्याच्या आकड्यास अलिबागचा आकडा बिनचूक जोडता यावा. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ च्या मे महिन्यात. एका शहराच्या वाहतुकीचे वेळापत्रक आणि चुंबकसुईची सोय यांचा असा मेळ बसल्याचे दुसरे उदाहरण निदान आपल्या प्रांतात माझ्या ऐकिवात नाही.

आता ज्याच्यापाशी मी सर्वात अधिक वेळ थांबलो, ते सांगतो. अलिबागच्या वेधशाळेतील चुंबकीय खोल्यांत पोलाद चालत नाही. आत जाणाऱ्याने किल्ल्या, घड्याळ, मोबाइल आणि बकलाचा पट्टा बाहेर ठेवावा, हा नियम. निरीक्षकांनी चष्मासुद्धा तपासून घेतला. "साहेब, काडीतला स्क्रू लोखंडी असतो कधी कधी," ते म्हणाले, आणि तो तसा नसल्याची खातरजमा होईपर्यंत मला दारातच उभे केले. आत एका दगडी खांबावर पितळ-अॅल्युमिनियमचा थिओडोलाइट, म्हणजे सर्वेक्षणवाल्यांची कोन मोजावयाची दुर्बीण, आणि तिच्या पाठीवर बोटाएवढा एक संवेदक. संवेदकाचा अक्ष चुंबकीय क्षेत्राशी काटकोनात आला की काट्यावर शून्य येते. निरीक्षक दुर्बीण डावीकडे इतकी हळू फिरवीत की हात हलल्याचे दिसू नये. शून्य आले की सूक्ष्मदर्शकातून कोन वाचावयाचा, तो लिहावयाचा, आणि दुर्बीण उलटी करून पुन्हा तेच. संवेदक वर, संवेदक खाली, पूर्वेस, पश्चिमेस, अशी चार वाचने एका कोनासाठी आणि पुन्हा चार दुसऱ्यासाठी, कारण संवेदक दुर्बिणीवर कितीही नीट बसविला तरी किंचित तिरका असतोच आणि चारही वाचनांच्या सरासरीत त्याचा तिरकेपणा आपोआप वजा होतो. खिडकीतून दूरच्या एका खुणेवर नेम धरून खरी उत्तर दिशा ठरवावयाची. येथील क्षेत्राची शक्ती चाळीस हजार नॅनोटेस्लांहून थोडी अधिक. कोन मोजताना एका विकलेची चूक झाली की आकड्यात एक पंचमांश नॅनोटेस्लाचा फरक पडतो.

एकूण शक्ती मोजणारे उपकरण वेगळे. त्यात हायड्रोजनयुक्त द्रवातील अणुकेंद्रे क्षेत्राभोवती घुमतात आणि त्यांच्या घुमण्याची गती थेट क्षेत्राची शक्ती सांगते. अलिबागच्या क्षेत्रात ही गती सेकंदाला अठराशेच्या आसपास भरते, म्हणजे ध्वनिक्षेपकास जोडली तर ती कानांना ऐकू यावी.

"हे सारे यंत्र आपोआप करीत नाही का?" मी विचारले.

"बदल यंत्र सांगते, साहेब, दर सेकंदाला. पण मुळात किती, ते त्याला सांगावे लागते. आम्ही हाताने मोजले नाही, तर त्याचा पाया सरकलेला कोणाला कळणारही नाही."

एका वाक्यात त्यांनी आपल्या खात्याचा सारा धर्म सांगितला, असे मला वाटले. या निरपेक्ष निरीक्षणांचे, आणि त्यांच्यासारख्या जगभरच्या वेधशाळांचे, उपग्रहांवर दुहेरी ऋण आहे. एक वादळाच्या मापाचे, ते वर आलेच; दुसरे दिशेचे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बनविलेला 'स्वयम्' हा सुमारे एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी अवकाशात गेला, तेव्हा त्यास वळविण्यासाठी ना इंधन होते ना फिरती चाके. आतल्या चुंबकांनी तो पृथ्वीच्या क्षेत्राशी स्वतःस जुळवून घेई, आणि अँटेना खाली कोणत्या दिशेला रोखलेला असेल हे त्यावरून ठरे. अशी रचना करावयाची म्हणजे साऱ्या पृथ्वीवरील क्षेत्राचा नकाशा हाताशी हवा, आणि तो दर पाच वर्षांनी नव्याने काढताना उपग्रहांच्या नोंदींबरोबर जमिनीवरच्या वेधशाळांचेही आकडे लागतात.

परंतु येथवर आल्यावर अडचणींना सुरुवात होते, आणि त्या मी टाळू म्हटले तरी टळत नाहीत.

पहिली अडचण सॉफ्टवेअरचीच. निर्देशांक मोजला जातो तो घडून गेलेल्या तीन तासांचा. कक्षा मात्र पुढची हवी असते. आदित्य-एल१ सारखी याने पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर सूर्याकडे उभी राहून सौरवाऱ्याचा वेग मोजतात, पण तेथून येथे यावयास त्या वाऱ्यास साधारण तासाभराचा, आणि वादळात त्याहूनही कमी, अवधी पुरतो. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी स्टारलिंकचे ४९ उपग्रह एकदम सोडण्यात आले. दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरांच्या खालच्या कक्षेत ते असतानाच एक वादळ आले, तेही मध्यमच, परंतु त्या उंचीवरचा रोध निम्म्याने वाढला आणि त्यांतील ३८ वर चढू शकले नाहीत. २०२४ च्या मेमध्ये तर हजारो उपग्रहांनी आपापल्या कक्षा सावरण्यास एकाच वेळी हालचाल केली, तेव्हा कोण कोठे जाणार याचा अंदाज वर्तविणाऱ्यांचा काही काळ पुरता गोंधळ उडाला. कोळीवाड्यातील तो मुलगा आता प्रत्येक गणित दोनदा करतो, एकदा ३ घालून आणि एकदा ९ घालून, आणि दोन उत्तरांतील अंतरासच उत्तर मानतो. मला ही रीत पटली. तिच्यात निदान खोटी ग्वाही नाही.

दुसरी अडचण किनाऱ्याची आहे आणि ती मला अधिक बोचते. १९०० च्या सुमारास शत्रू एक होता, त्याचे नाव ठाऊक होते, आणि त्याच्याशी बोलणे करता येत होते. ट्रामची वीज रुळांवाटे जमिनीत झिरपते आणि सुईस हलविते, ही तक्रार एका कंपनीविरुद्ध होती. आजच्या उपद्रवाचा कोणी अर्जदारच नाही. एखादी मोटार वीस मीटरांवर येऊन उभी राहिली तर काही नॅनोटेस्लांचा फरक पडतो. सुदैवाने हा प्रभाव अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो, म्हणून पन्नास मीटरांवर तो नगण्य होतो, आणि वेधशाळेच्या आवाराचा सारा उपयोग तेवढ्यासाठी आहे. परंतु २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी बोटीत घालून आणता येऊ लागल्या, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, आणि शनिवार-रविवारी अलिबागच्या रस्त्यांवर जी दाटी होते ती येथील रहिवाशास सांगावयास नको. शेजारच्या वाडीत कोणी बोअरवेलचा पोलादी नळ उतरवितो, कोणी गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारतो, कोणी सौर पट्ट्या बसवितो. यांपैकी कोणालाही चुंबकसुईची परवानगी घ्यावी लागत नाही, आणि घ्यावी असे कोणास सुचणेही शक्य नाही. ट्रक गेला तर आलेखात टोक उठते, ते ओळखून वगळता येते. नवे बांधकाम मात्र टोक उठवीत नाही. ते पायाच किंचित सरकवून टाकते, आणि पृथ्वीचे क्षेत्र तर स्वतःच वर्षानुवर्षे सरकत असते, त्यामुळे कोणते सरकणे कोणाचे, हे ठरविण्यास हाताने घेतलेली निरीक्षणे आणि इतर वेधशाळांशी पडताळा यांखेरीज उपाय उरत नाही.

मग वेधशाळा आणखी दक्षिणेस न्यावी, असे कोणी म्हणेल. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, जागा अद्याप आहेत. परंतु आपला सह्याद्रीचा दगड हाच लोहखनिजयुक्त असून त्याच्या थिजण्याच्या काळापासूनचे चुंबकत्व त्याने जपून ठेवले आहे. काळ्या कातळावर पाचपन्नास मीटर सरकले की आकडा बदलतो, म्हणून जागा निवडताना आधी साऱ्या परिसराची मोजणी करावी लागेल. ती झाल्यावर पोलादावाचून इमारत बांधावी लागेल, आणि अशी इमारत बांधणारे कंत्राटदार आज कोठे मिळतील याची मला कल्पना नाही, कारण सिमेंटच्या प्रत्येक स्तंभात सळई असते. ते सारे साधले तरी मूस यांनी केले तेच पुन्हा करावे लागेल: दोन्हीकडे माणसे, दोन्हीकडे उपकरणे, दोन्हीकडे वीज, आणि दोन पावसाळ्यांची बरोबरीने ठेवलेली नोंद. १९०४ मध्ये ट्राम थांबू शकली; वादळे थांबत नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चढले आणि कित्येक गावांत पुढे अनेक दिवस दिवे लागले नाहीत. ज्या ठाण्याला दर सेकंदास एक आकडा जगाला पाठवावयाचा आहे, त्याची नवी जागा निवडताना हा हिशेबही आधी घालावा लागेल.